वाचवलेले ९०० ग्रॅम

गेल्या महिन्यात एका मित्राने फोटो पाठवला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, ज्यावर त्याची बायको केकचा मैदा मोजते, आणि त्या काट्यावर त्याच्या रायफलचा बोल्ट. बोल्टच्या मुठीला आरपार भोकं पाडलेली. खाली लिहिलेलं, "अजून ३८ ग्रॅम गेले!!" पुढे बायसेप्सचा इमोजी.

मित्र मूळचा नाशिकचा, माझ्यासारखाच नोकरीपायी कोलोरॅडोत आलेला. वजन ९४ किलो. हे मी दुष्टपणाने सांगतोय असं वाटेल. तसं आहेही थोडं. पण हा आकडा पुढे लागणार आहे.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी जरा पार्श्वभूमी. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली आणि संपली ते बरंच झालं. इथे रॉकी पर्वतात ती चालू आहे. परवाना, ठरलेला हंगाम, ठरलेलं जनावर, आणि मारलं तर खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून यायचं नाही असा कायदा. आमच्या भागात लोक मुख्यतः एल्कच्या मागे असतात. सांबराच्या जातीचं, पण त्याहून मोठं हरीण. ऑक्टोबरात तीन हजार मीटरच्या वर, पहाटे चारला कपाळावर टॉर्च बांधून निघायचं आणि दिवसभर चढ-उतार करायचे. शिकार मुळात करावी का, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो रास्त आहे, पण आजचा लेख त्याच्यावर नाही. मी करतो. आजचं भांडण करणाऱ्यांमधलंच आहे.

भांडण वजनाचं. साधी लाकडी दस्त्याची रायफल दुर्बिणीसकट साडेतीन-चार किलो भरते. गेली काही वर्षं 'माउंटन रायफल' नावाची फॅशन आली आहे. अक्रोडाच्या दस्त्याऐवजी कार्बन फायबर, पोलादाऐवजी जमेल तिथे टायटॅनियम, नळी पेन्सिलीसारखी बारीक आणि आखूड, तिच्यावर उभ्या खाचा, बोल्टला भोकं, स्क्रूसुद्धा टायटॅनियमचे. दुर्बीण न लावता सव्वादोन किलोच्या आत बसणारी रायफल आज दुकानात मिळते. ज्यांना तीही जड वाटते ते घरी कानस घेऊन बसतात. आणि मैद्याच्या काट्यावर बोल्ट ठेवतात.

माझं म्हणणं असं आहे की पाठीवरचं बाकी सगळं हलकं करून संपल्याशिवाय रायफलला हात लावू नका. आणि लावलात तर काडतूसही त्याच मापाने लहान करा. रायफलमधून काढलेलं वजन तुमच्या खांद्यावरून उतरतं हे खरं, पण त्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, हलकं सामान ही तर शहाणपणाची गोष्ट. आहेच. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्या पोरांनाही हे वेड आता लागलंय; टूथब्रशचा दांडा अर्धा कापणारा एक तरी गडी प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला हसू नका. अमेरिकेत रे जार्डिन नावाच्या गिर्यारोहकाने १९९०च्या दशकात लांब पल्ल्याच्या वाटा चालणाऱ्यांना हेच शिकवलं. जड बूट सोडा, जड तंबू सोडा, ताडपत्री घ्या, पाठ हलकी झाली की पाय आपोआप लांब जातात. लाखो गुडघे त्या माणसाला दुवा देत असतील. मीही देतो. पण ताडपत्री फाटली तर भिजतो कोण? ज्याने ती निवडली तो. पातळ स्लीपिंग बॅग घेतली तर कुडकुडतो कोण? तोच. रायफलचं तसं नाही. तिच्यात काटकसर केली आणि ती अंगाशी आली, तर ती तुमच्या अंगाशी येत नाही. तीनशे मीटरवर गवत खाणाऱ्या एका जनावराच्या अंगाशी येते. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

कशी येते ते बघू.

नववीत गतीचे नियम शिकताना बंदूक आणि गोळीचं उदाहरण येतं, आठवत असेल. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते तितक्याच संवेगाने बंदूक मागे येते. संवेग ठरलेला असला आणि बंदुकीचं वस्तुमान कमी केलं की मागे येण्याचा वेग वाढतो, आणि धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात चढते. .३०८ हे मध्यम काडतूस घ्या. ३.६ किलोच्या रायफलमध्ये त्याचा धक्का ढोबळमानाने २० ज्यूल. तेच काडतूस २.७ किलोच्या रायफलमध्ये घातलं तर २६. आता खरी गंमत. हलकी रायफल घेणारा बहुतेक वेळा मध्यम काडतुसावर थांबत नाही. डोंगरात लांबून मारायचंय म्हणून तो.३०० विंचेस्टर मॅग्नम घेतो. ते २.७ किलोच्या रायफलमध्ये घातलं की ४५ ज्यूलच्या पुढे. म्हणजे दुपटीहून जास्त. तेवढ्यासाठी पैसेही दुप्पट.

"धक्का काय, सहन होतो हो," असं म्हणणारे भेटतात. होतो ना. खांदा निळा पडतो आणि बरा होतो. प्रश्न खांद्याचा नाहीच. शरीर फार लवकर शिकतं, आणि तुम्हाला न विचारता शिकतं. चार-पाच बार झाले की त्याला कळतं, चाप ओढला की मार बसतो. मग चाप सुटायच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे रेटतो, बोट चाप दाबण्याऐवजी हिसकतं. हे सगळं इतक्या कमी वेळात होतं की करणाऱ्याला पत्ताच लागत नाही, कारण लगेच मोठा आवाज होतो आणि सगळं त्यात झाकलं जातं.

दुसरी गोष्ट स्थिरतेची. जड वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, हे कळायला नववीही लागत नाही. तीन हजार मीटरवर चढ चढून आल्यावर छाती भात्यासारखी चाललेली असते, नाडी कानात वाजत असते. प्रत्येक ठोका रायफलपर्यंत पोचतो. जड नळी तो अर्धा गिळते. पेन्सिलीसारखी नळी त्याच्या तालावर नाचते. त्यात चापाचा हिशेब घाला. साधारण सव्वा किलोचा जोर लावल्यावर सुटणारा चाप चार किलोच्या रायफलला फारसा हलवत नाही. सव्वादोन किलोच्या रायफलवर तोच जोर म्हणजे वजनाच्या निम्म्याहून जास्त. बोटानेच नेम सरकतो.

एक आरोप मात्र मी करणार नाही, कारण तो लबाडीचा आहे. बारीक नळी तापली की गोळ्या भरकटतात, म्हणून ती वाईट, असं जड रायफलवाले सांगतात. तापते हे खरं. पण शिकारीत थंड नळीतून एक गोळी जायची असते. ती पहिली गोळी चांगल्या बनावटीची हलकी रायफलसुद्धा अचूक टाकते, जर तिच्यामागचा माणूस स्वस्थ असेल तर.

मी स्वस्थ नव्हतो. तिसऱ्या हंगामाच्या आधी मी हलकी रायफल घेतली होती, दुर्बिणीसकट २.७ किलो, काडतूस तेच मॅग्नम. आधीच्या रायफलपेक्षा बरोबर ९०० ग्रॅमने कमी. सप्टेंबरात रेंजवर नेऊन दुर्बीण जुळवली. अकरा बार काढले. अकराच, कारण बारावा काढायची इच्छा राहिली नव्हती. शेवटचे तीन कागदावर जवळजवळ लागले होते. म्हटलं, झालं काम.

ऑक्टोबरात अस्पेनच्या रानाच्या कडेला एल्कची एक मादी उभी होती. अंतर मोजलं, २७० मीटर. मी बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून, दोन मिनिटं दम खाल्ला. दोन मिनिटं पुरत नाहीत हे आज कळतं. बार काढला. ती वाकली, वळली, आणि चालत रानात गेली. पळाली नाही, चालत गेली. पोटात गोळी लागलेलं जनावर कसं चालतं ते मी तोवर फक्त वाचलं होतं.

तासभर थांबलो, थांबायचं असतं, लगेच मागे गेलं तर ते आणखी लांब पळतं. मग माग काढत गेलो. रक्त थोडं आणि काळपट, त्यात हिरवट गवताचा लगदा. दोन ठिकाणी ती बसून उठलेली. अंधार पडला. रात्री चार बोटं बर्फ पडला आणि सकाळी सगळं रान पांढरं, कोरं. दुसरा अख्खा दिवस मी त्या उतारावर आडवा-उभा फिरलो. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. कावळ्यांकडे बघत होतो, ते कुठे उतरतायत का. नाही सापडली. टॅग खिशात तसाच होता. मी गाडीत बसलो आणि घरी आलो.

रायफलचा दोष होता का? नाही, माझा होता. पण तो दोष माझ्यात आला कुठून, ते पुढच्या वसंतात कळलं. रेंजवर शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ असायचे. त्यांनी माझे दोन बार बघितले आणि म्हणाले, रायफल इकडे दे, मी भरून देतो. त्यांनी भरायची, मी नेम धरायचा. पहिला बार झाला. दुसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसतं 'टिक'. त्यांनी आत बनावट काडतूस घातलं होतं. आणि त्या शांततेत मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली आपटलं. आवाज नाही, धक्का नाही, काही नाही. आणि मी मात्र ठेच लागल्यासारखा पुढे कोसळलेला. ते काही बोलले नाहीत. परत भरून दिली. परत 'टिक'. परत तेच.

त्या दिवशी घरी येताना मी हिशेब केला. ९०० ग्रॅम वाचवले. त्यामुळे धक्का वाढला, धक्क्यामुळे सराव टाळला, सराव टाळल्यामुळे दचकणं लक्षात आलं नाही. शेवटचा हप्ता भरला तिने.

आता विरोधी पक्षाचं सगळ्यात लाडकं नाव काढू, कारण हा विषय निघाला की कुणीतरी काढतंच: जिम कॉर्बेट. चौगढच्या वाघिणीची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. १९३० साली कुमाऊंच्या एका नाल्यात कॉर्बेट उजव्या हातात .२७५ रिग्बी आणि डाव्या हातात पक्ष्याची अंडी घेऊन खडकाच्या कडेने उतरले, तर मागे हाकेच्याही आत वाघीण बसलेली. त्यांनी रायफल एका हाताने हळूहळू फिरवत आणली आणि बार काढला. हातातली रायफल हलकी होती हे आपल्या पथ्यावर पडलं, असं त्यांनी स्वतः नोंदवलंय. झालं! हलक्या रायफलवाल्यांना वेद सापडला.

पण जरा नीट वाचा की. अंतर होतं आठ फूट. आठ फुटांवर नळीचा नाच, नाडीचे ठोके, यातलं काहीही मोजायची गरज नसते. दुसरं, कॉर्बेटची 'हलकी' म्हणजे त्यांच्याच जड दुनळीच्या मानाने हलकी. पोलाद आणि अक्रोडाची ती मॉझर आजच्या माउंटन रायफलीशेजारी ठेवली तर हा मित्र तिला कानस घेऊन धावेल. आणि तिसरी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट: .२७५ हे सौम्य काडतूस आहे. कॉर्बेटनी रायफल हलकी घेतली तेव्हा काडतूसही हलकं घेतलं. चंपावतच्या वाघिणीनंतर, १९०७ साली, बक्षीस मिळालेली ही रायफल त्यांनी पुढे वर्षानुवर्षं वापरली. १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्याही तिनेच टिपला. रायफल हाताच्या सवयीची झाली होती, आणि जी रायफल दुखवत नाही तिचीच सवय होते. कॉर्बेट माझ्या बाजूचे साक्षीदार आहेत, तुमच्या नाही.

उलट बाजूचा साक्षीदार हवा असेल तर ब्रिटिश फौजेची 'जंगल कार्बाइन' घ्या. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडच्या जंगलांसाठी ली-एन्फील्ड हलकी करायचं ठरलं. नळी आखूड केली, लाकूड छाटलं, जिथे पोलाद जास्त वाटलं तिथून ते कोरून काढलं. चार किलोंच्या वर असलेली रायफल सव्वातीन किलोंच्या आसपास आली. म्हणजे इथेही पाऊण-एक किलोचाच सौदा. काडतूस मात्र तेच ठेवलं. परिणाम? दस्त्याला रबराचा तुकडा बसवूनही खांद्याला लाथ मारणारी म्हणून ती बदनाम झाली, आणि आज जुळवलेला नेम उद्या दुसरीकडेच, अशी तक्रार फौजेतूनच आली. दिसायला मात्र झकास. अजूनही संग्राहक तिच्यावर जीव टाकतात.

वजन शहाणपणाने कमी करता येतंच नाही असं नाही. वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्सने १९८०च्या दशकात पाच पौंडांच्या आसपास रायफली बनवल्या, आणि त्या चांगल्या होत्या. त्याने मोठ्या यंत्रणेला भोकं पाडली नाहीत. छोट्या काडतुसाला छोटी यंत्रणा, मुळातच त्याच मापाची, असा विचार केला. शिंप्याने मोठा सदरा जागोजागी कापून मुलाला घालणं वेगळं आणि मुलाचं माप घेऊन शिवणं वेगळं. बाजारात जे विकलं जातं त्यातलं बरंचसं पहिल्या प्रकारचं असतं. मग धक्का झेपत नाही म्हणून नळीच्या तोंडाला 'ब्रेक' बसवायचा, जो वायू बाजूला फेकून धक्का कमी करतो आणि शेजारच्याच्या कानाचे बारा वाजवतो. किंवा आवाज दाबणारा सायलेन्सर लावायचा. तोही तीनशे-चारशे ग्रॅमचा, आणि लागतो कुठे, तर नळीच्या टोकाला. सहा महिने कानस घासून काढलेलं वजन एका झटक्यात परत, तेही सगळ्यात गैरसोयीच्या जागी. वर किलोभर वजनाची जाडजूड दुर्बीण, कारण सहाशे मीटरवर मारायचंय. साध्या दुर्बिणीचं वजन त्याच्या एक तृतीयांश. वजन कमी करायचा ध्यास खरा असता तर सुरुवात तिथून झाली असती. पण बारकी दुर्बीण फोटोत बारकी दिसते.

आणि समजा सगळं जमलं. समजा गोळी योग्य जागी लागली आणि एल्क पडली. मग काय? मादीची हाडं काढली तरी सत्तर किलोंच्या आसपास मांस निघतं. गाडी चार किलोमीटरवर, मधे दोन ओढे आणि एक चढ. म्हणजे एकेका वेळी वीस-पंचवीस किलो पाठीवर घेऊन तीन-चार खेपा, रात्र पडली तरी, कारण तिथे अस्वलं आहेत आणि मांस खराब होऊ द्यायचं नाही. ज्याला सकाळी रायफलचे वरचे ९०० ग्रॅम जड होतात, तो संध्याकाळी ही पाठ कुठून आणणार? हा प्रश्न मी त्या मित्राला विचारला होता. त्याने विषय बदलला.

९४ किलोंचा उल्लेख इथे उपयोगी पडतो. पोटावरचे पाच किलो फुकटात कमी होतात. उलट किराण्याचे पैसे वाचतात. पण त्याला मार्च ते सप्टेंबर रोज पहाटे उठून चढ चढावे लागतात, आणि पोट ऑनलाइन मागवता येत नाही, त्याचा बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढता येत नाही. म्हणून आपण रायफलला उपाशी ठेवतो. रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला. मी स्वतः त्या वर्षी हेच केलं होतं. तेव्हा माझं वजन मित्राहून फार कमी नव्हतं.

ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. साठी उलटलेली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माणसं आमच्याबरोबर डोंगरात येतात. माझ्या ऑफिसातली एक बाई पन्नास किलोची आहे. चार किलोची रायफल तिच्या अंगमापाला बसतच नाही, आणि न बसणारी जड रायफल हलक्या रायफलइतकीच वाईट. ती हलकी वापरते, पण सौम्य काडतुसाची, आणि दोनशे मीटरच्या पुढे बार काढत नाही. उन्हाळाभर दर आठवड्याला रेंजवर दिसते. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मान्य करताना मला त्रास होतो, पण आहे.

माझी सध्याची रायफल दुर्बिणीसकट ३.६ किलो भरते. काडतूस .३०८. दस्ता लाकडीच, एका कडेला टवका उडालेला. नवव्या-दहाव्या तासाला ती जड लागते, खोटं कशाला बोलू. तेव्हा मी ती या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो.

त्या फोटोला मी दोन दिवस उत्तर दिलं नव्हतं. मग त्याचा फोन आला. नवी नळी मागवली आहे, आणखी १६० ग्रॅमने कमी, काडतूस अर्थातच .३०० मॅग्नम. मी विचारलं, यंदा किती बार काढलेस? तो म्हणाला, अरे, हंगामाला अजून वेळ आहे.

शनिवारी सकाळी आठला त्याला रेंजवर बोलावलंय. रायफल तू आण, काडतुसं मी आणतो, असं सांगितलं. त्यातली चार बनावट आहेत, हे अर्थातच सांगितलेलं नाही.